कडेच्या पेशी शाबूत

पहिल्या एसटीने परभणीला आलेला व्यंकटी सुमंगलाबाईंच्या ओसरीवर मटकन बसला. "माज्या लेकीनं, ज्ञानेश्वरीनं, सासूला इख घातलं म्हणायलेत, बाई. उद्या पोलीस नेणार हायत तिला. पदरात दोन महिन्यांचं लेकरू हाय."

सुमंगलाबाईंनी तीस वर्षं प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला होता. निवृत्तीनंतर त्या खासगी तपास करत. सोबतीला वकील विवेक. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात प्रकाश पडायला दुपार व्हायची.

त्यानेच शवविच्छेदनाचा अहवाल वाचून दाखवला. "यकृतात मधल्या शिरांभोवतीच्या पेशी मेलेल्या, कडेच्या शाबूत. रासायनिक तपासणी बाकी. शिवाय त्यांच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, उंदीर मारायचं मलम सापडलंय. त्यानंही यकृतच जातं. आता राहिलं काय?"

"माणसांना विचारायचं राहिलंय," बाई म्हणाल्या.

गंगाखेडजवळच्या उसाच्या फडात मेलेल्या सासूची, गोजरबाईची कोपी होती. तिची लेक पंकजा तावातावाने बोलली. "आईचं खंडोबाचं नवरात हुतं. सहा दिवस कडक उपास. त्यात भावजय तिच्याशी कडाकडा भांडली. मी पालमहून अंगदुखीच्या पिवळ्या गोळ्या आणून दिल्या, तवा कुठं ती उभी ऱ्हायली."

मुकादम सटवाजी म्हणाला, "सून बाळंतीण, म्हणून म्हातारी तिच्या जागी मोळ्या बांधायली. लय डोकं दुखायचं. माज्याजवळच्या पांढऱ्या गोळ्या द्यायचो."

भारत, गोजरबाईचा मुलगा आणि ज्ञानेश्वरीचा नवरा, मान वर करेना. "कणकण हुती म्हणून मी लाल गोळ्या आणल्या. उलट्या झाल्या, मग दोन दिवस बरी वाटली. चौथ्या दिवशी डोळे पिवळे पडले. मग गेलीच."

ज्ञानेश्वरीने एवढंच सांगितलं, "मी काय बी दिलं न्हाई. दोन घास खा म्हणलं, त्याचंच भांडण."

बाईंनी गोजरबाईच्या गाठोड्यातली रिकामी पाकिटं मागून घेतली, त्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचली आणि फौजदारांना बोलावून घेतलं.

"पेशीला इजा झाली की ती आधी सावरायला बघते," त्या म्हणाल्या. "मारा हद्दीबाहेर गेला की मरते. पण मरण कुठून सुरू झालं, त्यावरून मारणारा ओळखता येतो. उंदराचं मलम यकृताची कड आधी धरतं. इथं कड शाबूत आहे, मध्य मेलाय. हे पॅरासिटामॉलचं काम."

"ते तर घरोघरी असतं," विवेक म्हणाला.

"बेतानं घेतलं तर बिनघोर असतं. ही पाकिटं बघ. नावं तीन, रंग तीन, आत औषध एकच. अंगाला पिवळी, डोक्याला पांढरी, तापाला लाल, असं समजून ती तिन्ही घेत राहिली. पोटात अन्न नाही. यकृताला झेपलं नाही. मधले दोन दिवस बरं वाटणं, ही त्या दुखण्याची फसवी रीतच आहे. रासायनिक तपासणीतही हेच निघेल."

फौजदारांनी पाकिटं ताब्यात घेतली. तपासणीचा निकाल येईपर्यंत अटक होणार नाही, असं त्यांनी व्यंकटीला सांगितलं.

"म्हंजे मीच मारलं आईला?" भारतने विचारलं.

"तिघांनीही मायेपोटी दिलं, बाबा. एकमेकांना विचारलं नाही, एवढंच."

पंकजा भुईवर बसली. खटला टळल्याचा आनंद विवेकला काही केल्या होईना.

दहा दिवस ज्ञानेश्वरीला रडायचीही चोरी होती. रडली असती तर लोकांनी सोंग म्हटलं असतं. आता तिने लेकरू व्यंकटीकडे दिलं आणि सासूच्या नावानं "आत्याबाई" म्हणून हंबरडा फोडला.