एका छपराखाली दोन डिस्क

ठाण्यातला फोन वाजला तेव्हा फौजदार उर्वशी मेश्राम चहात बिस्कीट बुडवत होती. पलीकडे गुणवंतराव होते, गडचिरोलीच्या ध्वनिसंग्रहाचे संस्थापक.

"मॅडम, लवकर या जी. बुधरीबाईचा आवाज चोरीले गेला."

आवाजाची चोरी कोणत्या कलमात बसते, हे उर्वशीला ठाऊक नव्हतं. बिस्कीट चहात बुडालं ते बुडालंच. ती निघाली.

संग्रह म्हणजे दोन खोल्या आणि एक लोखंडी कपाट. जंगलातल्या गावांमधल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं इथे जपून ठेवलं जायचं. टेबलावर प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये दोन हार्ड डिस्क पडल्या होत्या. दोन्ही मेलेल्या. समोर गुणवंतराव, संग्रहाचा तंत्रज्ञ प्रवीण आणि एटापल्लीकडून आलेला लालसू असे तिघे उभे होते. बुधरी ही लालसूची आई. उन्हाळ्यात वारली.

"परवा खाणीची सुनावणी हाये," लालसू म्हणाला. त्याच्या बोलण्यात चढ नव्हता, उतार नव्हता. "आमच्या गावाचं जंगल कुठून कुठवर, ते आई सांगून गेली. कोणता नाला, कोणतं झाड, देव कुठी. तिच्या वयाचं गावात आता कोणी नाई. तेच सायबाले ऐकवाचं होतं."

"तुमच्या मोबाईलमध्ये नाही?"

"होतं. मोबाईल भरला तं काढून टाकलो. म्हटलं, संग्रहात हाये."

उर्वशीला वाईट वाटायला हवं होतं. पण इतके पंचनामे करून तिच्या आतलं काहीतरी केव्हाच बधिर झालं होतं. तिने पुढचा प्रश्न विचारला.

"प्रती किती होत्या?"

"दोनच, मॅडम," प्रवीण म्हणाला. "कॉम्प्युटर पावसाळ्यात वीज पडून जळला. एक डिस्क या कपाटात राह्यते, दुसरी चंद्रपूरच्या ग्रंथालयात. सरांचाच नियम हाये. दोन प्रती एका छपराखाली ठेवाच्या नाई. इथी आग लागो का पूर येवो, एक तरी वाचते."

"चंद्रपूरची डिस्क कोणी आणली?"

"मीच," गुणवंतराव म्हणाले. "काल. पोहोचवली होती तेही मीच, पावसाळ्याच्या तोंडी."

"कपाटाची किल्ली?"

"एक माझ्याकडे, एक याच्याकडे." त्यांनी प्रवीणकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं. "हा आता खाणीच्या ठेकेदाराकडे नोकरीले चालला. मी काई म्हणत नाई. तुमीच समजा."

प्रवीणचं तोंड उतरलं. "सर, तुमी असं काऊन बोलून राह्यले?"

गुणवंतराव खिडकीबाहेर बघत राहिले.

उर्वशीने एक पिशवी उघडली आणि नाक मागे घेतलं. लसणासारखा वास होता, पण स्वयंपाकघरातला नव्हे. दुसऱ्या पिशवीतही तोच.

"उघड," ती प्रवीणला म्हणाली.

त्याने दोन्ही डिस्कचं वरचं कवच काढलं. आतल्या सर्किटचं तांबं काळंहिरवं पडलं होतं. एका कवचाच्या फटीत पिवळसर काहीतरी अडकलं होतं. उर्वशीने ते नखाने काढलं. धानाचं फोल.

"लालसूभाऊ, चोर सापडेल," ती म्हणाली. "पण आवाजाचं मी सांगू शकत नाही."

लालसूने मान हलवली. जणू त्याला बस उशिरा येणार असल्याचं सांगितलं होतं.

संध्याकाळी ती जबाब घ्यायला गुणवंतरावांच्या घरी गेली. ते अजून आले नव्हते. त्यांच्या पत्नी आशाबाईंनी पाणी दिलं, स्टीलच्या पेल्यात.

"तांब्याचा गडू देणार होती जी, पण लाज वाटते. काळा पडला. चिंचेनं घासला, राखेनं घासला, जात नाई."

"कुठे होता गडू?"

"त्या धानाच्या खोलीत. घड्याळबी तिथलंच, तेबी बंद पडलं. यंदा धानाले किडा लई. कोठीत गोळ्या टाकल्या आन् शेणामातीनं लिंपून घेतली. हे तं म्हणून राह्यले, गोळ्या नोको टाकू. आता किडा काय ह्यांच्या भाषणानं मरते?"

उर्वशी बऱ्याच दिवसांनी हसली. मग तिने अंगणात जाऊन चंद्रपूरला एक फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्यांना संग्रहात बसवलं. आशाबाईंनाही बोलावलं होतं. त्यांनी पदराखाली गडू आणला होता. तो टेबलावर दोन डिस्कच्या शेजारी ठेवला. तिन्हींवर एकच रंग.

"चोरी झालीच नाही," उर्वशी म्हणाली. "एक डिस्क इथे, दुसरी चंद्रपुरात. दोन्ही एकाच रोगाने मेल्या, दोन्हींना एकच वास. लांब राहणाऱ्या दोन माणसांना एकच विष झालं, तर ती कधीतरी एका पंगतीला बसली असली पाहिजेत. मागे मी एका घराचा पंचनामा केला होता. धानाच्या गोळ्यांच्या वायूने दोन जीव गेले होते. त्या खोलीतला टीव्हीही बंद पडला होता, आणि त्याच्या तारा अशाच काळ्याहिरव्या. तो वास मी विसरत नाही. चंद्रपूरच्या ग्रंथालयात यंदा डिस्क पोहोचलीच नाही, गुणवंतराव. कुठे होती?"



"पुरानं बस अर्ध्यातून वापस आली," गुणवंतराव सावकाश म्हणाले. "म्हटलं, उद्या जाऊ. मग इथी कपाटात बुरशी दिसली. दोन्ही घरी नेल्या, धानात पुरून ठेवलो. मोबाईल भिजला का तांदळात ठेवतो ना आपण? तसंच. लेकरावानी जपलो जी."

"मग?"

"परवा काढल्या. लावून पाह्यलो. दोन्ही गेल्या होत्या."

आशाबाईंनी गडूकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला. "मले काऊन नाई सांगतलं?"

"गावोगावी सांगत फिरलो मी, आमच्याकडे द्या, नातवंडंबी ऐकतील. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

"डिस्क मेल्या ही चूक," उर्वशी म्हणाली. "ती कोणाच्याही हातून होते. पण एक इथे कपाटात ठेवलीत, दुसरी चंद्रपूरहून आणली म्हणालात आणि मला फोन करून चोर मागितलात. तोही आधी ठरवून."

 प्रवीणने स्क्रू परत बसवायला घेतले. थोड्या वेळाने, कोणाकडेही न बघता, तो म्हणाला, "आतली तबकडी बंद राह्यते. नागपूरले सर्किट बदलून पाह्यतात. निघंल का नाई, सांगता येत नाई."

उर्वशीने गुणवंतरावांपुढे कोरा कागद सरकवला. "लिहा. पुरावा होता, माझ्या हातून गेला, लालसूचा दोष नाही. तेवढ्यावर सुनावणीची तारीख वाढली तर वाढेल."

ते लिहू लागले. 

लालसू इतका वेळ भिंतीला टेकून होता. तो पुढे आला आणि त्याने एक डिस्क उचलली.

"एक नागपूरले पाठवा. ही मी नेतो."

"हिचं काय करणार?" उर्वशीने विचारलं.

"आई गेली तवा तिचा विळा, टोपली, जेवाचं भांडं, सगळं तिच्या नावानं उभ्या केलेल्या दगडापाशी नेऊन ठेवलो. आवाज तेवढा तुमच्याकडे राह्यला होता."

कायद्याने तो मुद्देमाल होता. उर्वशीने पेनाला टोपण लावलं.

गुणवंतराव लगबगीने उठले. पिशवी पुढे करत म्हणाले, "पाण्यापावसात भिजंल रे. यात ठेव."

"आता काय भिजंल, भाऊ?" लालसू म्हणाला. रागाने नाही, नुसतंच विचारल्यासारखं. पिशवी न घेता तो एटापल्लीच्या बसकडे निघाला.

एक डिस्क नागपूरला जाणार होती, दुसरी उघड्या आभाळाखाली. गुणवंतरावांचा नियम यंदा पहिल्यांदाच पाळला गेला. ते पिशवी हातात धरून दारात तसेच उभे राहिले.