शेजारच्या सीटवरचं वजन

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना भुतं फक्त अमावास्येच्या रात्रीच भेटतात, त्यांनी इथेच थांबलेलं बरं. ही भर दुपारची आहे. मागच्या वर्षीच्या ऑगस्टमधला दुसरा मंगळवार. अ‍ॅरिझोनात बुलहेड सिटीतून वर डोंगरात चढणारा घाट. बाहेर सत्तेचाळीस अंश.

दुपारी एक वाजून शेहेचाळीस मिनिटं.

वेळ मी अंदाजाने ठोकून देत नाही. त्या ट्रकची प्रत्येक नोंद संध्याकाळी माझ्या टेबलावर येते. माझं कामच ते आहे.

ट्रक चालवत होती मारित. स्वीडनची, छत्तीस वर्षांची, कंपनीची चाचणी ड्रायव्हर. दर उन्हाळ्यात दोन महिने ती इथे यायची. ट्रेलरमध्ये काँक्रीटचे ठोकळे भरायचे आणि घाट चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. दिवसातून सहा खेपा. माल कुठेच पोचवायचा नसतो. या उन्हात इंजिन किती तापतं, एवढंच बघायचं. वेळापत्रक मात्र घड्याळाबरहुकूम.

तिचा स्वीडनचा परवाना इथे चालत नाही. इथला काढायचा तर इथलं रहिवासी असावं लागतं, आणि ती पडली दोन महिन्यांची पाहुणी. म्हणून अशा लोकांना सरकार सूट देतं. एक कागद. त्यावर पाच नावं, दोन वर्षांची मुदत. आणि एक अट... इथला परवाना असलेला ड्रायव्हर कायम शेजारच्या सीटवर बसलेला हवा. एकाने जरी गडबड केली, तर पाचही जणांची सूट जाऊ शकते.

मारितला तो कागद पाठ होता. ती स्वभावानेच तशी. रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबणारी.

तिच्या शेजारी बसायचा डेल्बर्ट, सगळ्यांचा डेल. चौतीस वर्षं ट्रक चालवून निवृत्त झालेला, त्रेसष्टीचा, अंगाने भरदार.

"सगळ्यात अवघड नोकरी माझी," तो म्हणायचा. "दुसरा चालवतोय आणि आपण नुसतं बघायचं. वर तोंडही उघडायचं नाही!"

"कधी बंद ठेवलंयस?" मारित विचारायची.

"पोरी, तुमच्याकडे डोंगर नाहीत वाटतं? आत्ता एक कासव पुढे गेलं बघ आपल्या."

"आहेत की. पण शेजारी असा बडबड्या म्हातारा नसतो ना."

वळण तिने छान घेतलं की तो शाबासकी द्यायचा नाही. नुसती लग्नाची अंगठी काचेवर आपटायचा. टक्. टक्. पाच उन्हाळे ती त्या आवाजासाठी ट्रक चालवत होती, असं तिनेच मला सांगितलंय. तिला वडील नव्हते. बाकी काय ते समजून घ्या.

त्याच्या आधीच्या वर्षीची गोष्ट. ऑगस्टचा दुसराच मंगळवार, अशीच दुपार, दिवसातली चौथी खेप. दोन तृतीयांश घाट चढून झाला होता.

डेल गप्प झाला.

तिने वळून पाहिलं. चेहरा राखेसारखा. डावा हात छातीशी.

"काय झालं, डेल?"

"जळजळतंय जरा..." तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, अगदी हळू, "चालव, पोरी. खाली घे."

आणि त्याची मान पडली.

वर जाऊन वळायचं आणि खाली उतरायचं. दवाखान्यापर्यंत पंचवीस मिनिटं. मारितचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. तेवढ्यात तिच्या डोक्यात तो कागद आला. शेजारचा माणूस शुद्धीवर नाही. म्हणजे आत्ता मी विनापरवाना आहे. छत्तीस टन घेऊन उतारावर. काही झालं तर पाचही जणांचं...

तिने ट्रक कडेला घेतला.

चारी इंडिकेटर लावले. मागे जाऊन लाल त्रिकोण ठेवला. मदतीचा नंबर फिरवला. मग त्याला आडवं करून त्याचा हात हातात घेऊन बसली. पलीकडे दुसरा अपघात झालेला, त्यामुळे अ‍ॅम्ब्युलन्स लांबून आली. एकेचाळीस मिनिटांनी.

डेल तिसाव्या मिनिटापर्यंत श्वास घेत होता. तिने मोजलं होतं.

कुणी तिला बोल लावला नाही. अहवालात एक वाक्य आलं, "ड्रायव्हरने सर्व अटींचं पालन केलं." ते वाक्य मी लिहिलं होतं. तिला बरं वाटावं म्हणून. त्यानंतर ती कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही.

अंत्यविधीला डेलच्या बायकोने, नडीनने, मारितला पोटाशी धरलं. "शेवटी तू होतीस त्याच्याजवळ," ती म्हणाली. "माझ्या जिवाला तेवढाच आधार बघ."

'चालव' म्हणाला होता, हे मारितने तिला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

वर्ष गेलं. तो दुसरा मंगळवार आला.

आता शेजारी कर्टिस होता. चाळिशीचा, किडकिडीत, मोबाईलमध्ये डोकं घालून बसणारा. डेलला त्याने कधी पाहिलंही नव्हतं. चौथी खेप. ती कडेची जागा जवळ आली. मारितने ठरवलं होतं, तिकडे बघायचंच नाही.

बघितलं नाही तिने.

फक्त ऐकलं...

फुस्स्स.

ट्रकच्या सीट हवेवर तोललेल्या असतात. जड माणूस चढून बसला की हवा सुटते आणि सीट खाली जाते. शेजारची सीट खाली गेली. चांगली चार बोटं.

कर्टिसने मान वर केली नाही. पण तो सरकला. दाराला अगदी चिकटून बसला. कुणाला तरी जागा करून द्यावी तसा.

"आज फार दाटी वाटतेय ना इथे?" तो म्हणाला.

पुढचं वळण आलं. तिने स्टीअरिंग फिरवलं. वळण नीट बसलं.

आणि काचेवर...

टक्. टक्.

कर्टिसच्या बोटात अंगठी नव्हती. त्याचे दोन्ही हात मोबाईलवर होते.

मग तिच्या कानाशी, अगदी हळू...

"चालव, पोरी. खाली घे."

तिने चालवला. वर जाऊन वळली, खाली उतरली. डोळ्यांतून धारा लागलेल्या, समोरचं धड दिसत नव्हतं. पण वेग तिने जराही चुकवला नाही. मी नोंद पाहिली आहे. खेप मोडून सरळ दवाखान्यात न्यायचा, असं तिने मनाशी ठरवलं होतं. लोक वेडी म्हणाले तरी चालेल. या वेळी थांबायचं नाही.

दवाखाना अजून तीन मिनिटांवर होता. गावाच्या तोंडाशी जनावरांच्या खाद्याचं दुकान आहे. तिथल्या सिग्नलला ट्रक थांबला...

फुस्स्स.

सीट वर आली.

"हुश्श," कर्टिस पाय पसरून म्हणाला. "आता कुठे श्वास आला."

दुकानाशेजारून एक गल्ली आत जाते. मारित त्या गल्लीत कितीदा तरी जेवायला गेली होती. शेंगांची उसळ, मक्याचा पाव, आणि डेलच्या त्याच त्या गोष्टी. शेवटचं घर त्याचं.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दवाखाना असं तो म्हणालाच नव्हता. 'खाली घे' एवढंच म्हणाला होता.

त्याला घरी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. एक शेहेचाळीसला सीट खाली, दोन वाजून आठ मिनिटांनी वर. मी नोंदी बघून चक्रावलो. सीटवरचं वजन टिपणारा सेन्सर बदलला. मग अख्खी सीट बदलली. कर्टिसचं वजन अडुसष्ट किलो. त्या बावीस मिनिटांत सीटवर एकशे त्रेसष्ट यायचे.

दुसरा ड्रायव्हर पाठवला तर काहीच नाही. मारित असेल तरच.

"तुला काय वाटतं, काय असेल हे?" मी तिला विचारलं.

तेव्हा तिने मला सगळं सांगितलं. माझ्याच टेबलापाशी उभी राहून, भिंतीकडे तोंड करून.

चौथ्या संध्याकाळी ती त्या गल्लीत गेली. नडीनच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि खरं सांगून टाकायचं, असं ठरवून. दार उघडलं एका तरुण बाईने. कडेवर बाळ. नडीन नव्हतीच. वसंतातच घर विकून ती बहिणीकडे अमारिलोला निघून गेली होती.

मारित मागे वळली, तसं त्या बाईने हटकलं.

"अहो... दुपारी दार वाजवता त्या तुम्हीच का?"

"मी? नाही."

"मंगळवारपासून चाललंय. सव्वादोनच्या सुमाराला. कुणीतरी कडी हलवतं, किल्ली लागत नसल्यासारखी. मी उघडते तर कुणी नसतं. कुत्रा भुंकत नाही हो, नुसता रडतो." बाळाला छातीशी घेत ती म्हणाली, "काल मी दार उघडलंच नाही. खूप वेळ कडी हलत राहिली. मग थांबली."

मारित गल्लीतच खाली बसली.

आपल्या घराच्या दारात तो उभा राहत होता, आणि आत कुणी ओळखीचं नव्हतं.

त्या रात्री तिने नडीनला फोन केला. काही राखून ठेवलं नाही. कागद, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढणं, लाल त्रिकोण, तीस मिनिटं. आणि आताचं हेही.



"चालव म्हणाला होता?" नडीनने विचारलं.

"हो."

"आणि तू थांबलीस."

"हो."

"कागदासाठी."



मारितला वाटलं, आता ती फोन ठेवणार. मग म्हातारी म्हणाली,

"कितीला उतरतो तो?"

सोमवारी नडीन बसने आली. गुडघे गेलेले, हातात एक बॅग आणि घडीची खुर्ची. जनावरांच्या खाद्याच्या दुकानाच्या सावलीत, सिग्नलपाशी, ती दीड वाजल्यापासून बसून होती. केस नीट विंचरलेले. ओठांना लाली. हे मी स्वतः पाहिलंय, कारण त्या दिवशी मी रस्त्याच्या पलीकडे गाडी लावून बसलो होतो.

दोन वाजून आठ मिनिटं. ट्रक थांबला.

सीट वर आल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला नाही. नोंद संध्याकाळी पाहिली.

पण मी नडीनला उठताना पाहिलं. ती ट्रकच्या दाराकडे बघत उठली, आणि तिचा कोपर जरासा बाहेर आला. कुणीतरी हात घालावा म्हणून आपण काढतो तसा. मग ती चालू लागली. जुन्या घराकडे वळलीच नाही. समोरच्या मोटेलकडे गेली, तिथे तिने घेतलेल्या खोलीकडे. रस्ता ओलांडताना ती थांबली, शेजारी काहीतरी बोलली आणि हसली.

ट्रकमध्ये मारित स्टीअरिंगवर डोकं टेकून रडत होती. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

संध्याकाळी ती मोटेलवर गेली. नडीनने दार अर्धंच उघडलं. मागे टेबलावर दोन ताटं दिसत होती. दोन्ही वाढलेली.

"आहे तो आत?" मारितने विचारलं.

"रात्री असतो. सकाळी नसेल. मला कळतंय ते."

"नडीन, मला माफ..."

"नाही." म्हातारीचा आवाज चढलासुद्धा नाही. "माफ नाही केलेलं मी तुला, पोरी. कधी करेन असंही वाटत नाही. तीस मिनिटं म्हणजे तीस मिनिटं."

दार लावता लावता ती म्हणाली,

"उद्या वेळेवर आण त्याला."

मारितने आणला. हंगाम संपेपर्यंत रोज. एक खेप चुकवली नाही, तापात असतानाही. सप्टेंबरमध्ये ट्रक परत गेले. कंपनीने तिला स्वीडनमध्येच चांगली जागा देऊ केली होती, घरापासून दहा मिनिटांवर. तिने नाही म्हटलं. सूट देणाऱ्या त्या कागदाची मुदत संपत आलेली, नव्या यादीत पहिलं नाव तिचं आहे. अर्ज मीच भरलाय. आता ती जुलैत येईल.

नडीन मात्र परत गेली नाही. मोटेलातली खोली तिने तशीच ठेवली आहे.

या जानेवारीत मी एकटाच त्या घाटातून उतरत होतो. दुपारची वेळ. मला कसली दुर्बुद्धी झाली कोण जाणे, कडेच्या त्या जागेपाशी मी गाडी हळू केली. शेजारची सीट रिकामी होती. मी मोठ्याने विचारलं, "येतोस का, डेल?"

काही नाही. काचेवर आवाज नाही. काहीसुद्धा नाही.

मनात नको तो विचार आला, की माझ्यासारख्याच्या गाडीत तो कशाला बसेल. मग दुसरा आला, तो अजून मला झोपू देत नाही. सप्टेंबरपासून जुलैपर्यंत, त्या उघड्या कडेला, तो बसलेला असतो का?

खाली सिग्नलला थांबलो. दुकानाच्या भिंतीला टेकून, थंडीत शाल लपेटून, नडीन घडीच्या खुर्चीत बसली होती.

मी हात केला. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या शेजारच्या सीटकडे पाहिलं, नीट, वाकून. मग मान फिरवून ती पुन्हा घाटाच्या रस्त्याकडे बघत बसली.