तीन पावलांची सहल

रांगेत तिच्या पुढे एकच माणूस होता, आणि तो काही केल्या हलत नव्हता.

जहाज सुटून जेमतेम दोन तास झाले होते. पाचव्या मजल्यावर किनाऱ्यावरच्या सहलींची नावं नोंदवायचं काउंटर नुकतंच उघडलं होतं, आणि हा पठ्ठ्या त्यावर कोपरं टेकून एकामागून एक प्रश्न विचारत होता. गुहेत उतरायला जिना आहे की लिफ्ट? लिफ्ट असेल तर किती माणसांची? शेवटची तपासणी कधी झाली?

"अहो," तिला राहवेना, "तुम्ही सहल ठरवताय की सोयरीक?"

तो वळला. त्याचे कान लाल झाले होते, पण डोळे हसत होते.

"दोन्हीकडे आधी चौकशी केलेली बरी," तो म्हणाला. "सवय आहे हो. लिफ्ट बसवतो मी, दुरुस्तही करतो. या, तुम्ही या पुढे."

"सात प्रश्न झाले यांचे," काउंटरमागची बाई थंडपणे म्हणाली. "तुमचे किती?"

"एकही नाही. दीपगृह. एक नाव."

ही मुलगी शाळेत खेळ शिकवायची. मुलं तिला पाठीमागे शिट्टीबाई म्हणायची, कधीकधी तोंडावरही म्हणायची, आणि ती खुशाल ओ द्यायची. दीड वर्षापूर्वी उडीच्या खड्ड्याजवळ एका मुलीला सावरताना तिचा स्वतःचा गुडघा पार पिळवटून निघाला. ऑपरेशन झालं, महिनोन्‌महिने व्यायाम झाले, आणि आता गुडघ्यावर एक काळा पट्टा कायमचा मुक्कामाला आला होता. काउंटरमागच्या बाईची नजर नेमकी त्या पट्ट्यावर गेली.

"दीपगृहाला तीन पावलं आहेत," ती म्हणाली.

माहितीपत्रकात प्रत्येक सहलीसमोर पावलं छापलेली होती. एक पाऊल म्हणजे बसमध्ये बसा आणि खिडकीतून बघा. दोन म्हणजे थोडं चालणं. तीन म्हणजे चढ, जिने आणि दमछाक. दीपगृहासमोर तीन पावलं होती आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, दोनशे सत्त्याऐंशी पायऱ्या.

"मला मोजता येतं," शिट्टीबाई म्हणाली.

"काही गरज नाही!" मागून आईचा आवाज आला. आई धापा टाकत रांगेतल्या सगळ्यांना बाजूला सारत आली होती. "हिचं नाव मी काचेच्या तळाच्या होडीत घातलंय. केबिनमधल्या टीव्हीवरूनच. एक पाऊल. बसल्या जागी मासे दिसतात."

"एका वेळी एकाच सहलीत नाव राहतं," काउंटरमागची बाई म्हणाली. "होडी की दीपगृह?"

"होडी," आई म्हणाली.

"दीपगृह. होडीतून माझं नाव काढा. सही कुठे करायची?"

आईनं कपाळावर हात मारला. शिट्टीबाईनं सही केली. अक्षर जरा वेडंवाकडं आलं, पण सही झाली. बाजूला उभा राहून लिफ्टवाला हे सगळं अगदी मन लावून बघत होता, आणि बघतोय हे लपवायचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

बंदर यायला दोन दिवस होते. शिट्टीबाई दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजाच्या मागच्या जिन्यावर हजर झाली. तिसऱ्या मजल्यापासून चौदाव्यापर्यंत. चांगला पाय आधी वर, मग दुखरा. कठडा धरायचा नाही, फक्त हात त्याच्या जवळ ठेवायचा. गोल खिडक्यांतून समुद्राचा निळा उजेड पायऱ्यांवर हलत होता आणि खारट वारा कुठूनतरी आत शिरत होता.

सातव्या मजल्यावर टिंग करून लिफ्टचं दार उघडलं. आत लिफ्टवाला, हातात चहाचे दोन कागदी पेले.

"वर जाणार?"

"चालत."

"बरं." दार मिटलं.

नवव्या मजल्यावर पुन्हा टिंग. "चहा गार होतोय."

"अकराव्यावर पिईन."

"मग अकराव्यावर थांबतो."

आणि खरंच थांबला की! अकराव्या मजल्यावर पायरीवर बसून, दुसऱ्या पेल्यावर बशीसारखं माहितीपत्रक झाकून.

"तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?" तिनं चहा घेत विचारलं.

"नाही. ताई आणि भावजी जेवणाच्या मजल्यावरून हलायला तयार नाहीत. शिवाय ही लिफ्ट चौथ्या मजल्यावर हलकासा हिसका देते. लक्ष ठेवायला हवं."

"लिफ्टवर?"

"…दोघींवर."

ती हसली. फार दिवसांनी अशी हसली, की चहा नाकात गेला. त्यानं घाईघाईनं रुमाल काढला, तो नेमका वंगणाच्या डागांचा निघाला, आणि तोही हसायला लागला.

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. आईला सांगितलं नव्हतं, मैत्रिणींना सांगितलं नव्हतं. शाळेनं पत्र पाठवलं होतं. खेळाच्या तासाऐवजी ग्रंथालय सांभाळायचं, बसून करायचं काम, कायमचं. मुख्याध्यापिकांनी प्रेमानंच लिहिलं होतं, म्हणून तर ते जास्त बोचत होतं. परत गेल्याबरोबर उत्तर द्यायचं होतं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "दीपगृहाच्या टोकाला माझ्या पायांनी पोहोचले, तर मैदान. नाही पोहोचले, तर निमूट सही करायची. मग कुरकुर नाही."

"आणि मध्येच गुडघा…"

"मध्येच बिध्येच काही नाही."

तो नुसता बघत राहिला तिच्याकडे, इतका वेळ की तिनं रिकामा पेला उगाचच पुन्हा तोंडाला लावला.

त्या संध्याकाळी तिनं लांबून पाहिलं, कठड्यापाशी आई त्याच्याशी बोलत होती. बोलता बोलता आईनं चष्मा काढून पुसला. काय चाललं होतं विचारलं तर तो म्हणाला, "काही नाही… समुद्राबद्दल." मग तो काउंटरवर दिसला, पुन्हा प्रश्न विचारताना. काउंटरमागच्या बाईनं तिला जाता जाता सांगितलं, "त्यांनीपण दीपगृहात नाव घातलंय हं." शिट्टीबाईनं चेहरा कोरा ठेवायचा पुष्कळ प्रयत्न केला. जमला नाही. केबिनमध्ये येऊन तिनं आरशात पाहिलं आणि स्वतःलाच दटावलं, "पायऱ्या मोजायच्यात आपल्याला!"

बंदराच्या दिवशी आईसुद्धा होडी सोडून बसमध्ये येऊन बसली. "मी काही बघणार नाहीये," तिनं आधीच जाहीर केलं, आणि दीपगृहापाशी उतरल्यावर खरंच बुरुजाकडे पाठ करून बाकावर बसली. पांढरा बुरुज उन्हात डोळे दिपवत होता. गाईडनं घड्याळ दाखवलं. पाऊण तास. नंतर बस निघणार.

लिफ्टवाला सगळ्यांच्या आधी उतरून कुठेतरी गायब झाला होता. तो आता बुरुजामागून लगबगीनं आला, हात काळे, चेहरा खुललेला.

"इकडे या. पटकन."

भिंतीत एक अरुंद लोखंडी दार होतं. त्यानं ते ढकललं. आत दोन माणसं जेमतेम मावतील अशी जुनी लिफ्ट.

"रखवालदारासाठी आहे. प्रवाशांना मनाई, पण मी काउंटरवरून निरोप धाडून परवानगी काढली. दोर पाहिला, ब्रेक पाहिला, सगळं ठणठणीत आहे. सव्वा मिनिटात वर! कुणाला कळणारही नाही…"

त्याचं बोलणं हळूहळू विरलं, कारण तिचा चेहरा त्याला दिसला.

"तुला काहीच कळलं नाही," ती म्हणाली. रागाच्या भरात ती अहोजाहो विसरली होती. "मला वर जायचं नव्हतं रे. मला चढायचं होतं! दीड वर्ष सगळे मला उचलून इकडून तिकडे ठेवतायत. बशी असल्यासारखी. पहिल्यांदा कुणाजवळ मन मोकळं केलं… आणि तूही तेच केलंस."

"मला वाटलं…"

"मला तू आवडायला लागला होतास," ती म्हणाली, "म्हणून जास्त राग आलाय." आणि ती तरातरा जिन्याकडे गेली. तरातरा म्हणजे गुडघ्याला झेपेल इतपतच, पण मागे वळून तिनं पाहिलं नाही.

आत गारवा होता आणि जिना गोल गोल वर जात होता. पन्नासपर्यंत रागानंच चढवलं. शंभराला घाम फुटला. दीडशेला वरून उतरणारी माणसं भेटायला लागली, भिंतीला चिकटून तिला वाट देत, आणि तिच्या पट्ट्याकडे बघून आवाज हळू करत. एकशे त्र्याण्णवाव्या पायरीवर गुडघा अडकला. तिनं पाय उचलला, तो उचललाच गेला नाही. ती बसली.

भिंतीतल्या फटीतून समुद्राचा एक तुकडा दिसत होता. डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे ग्रंथालय… म्हणजे पुस्तकांना क्रमांक चिकटवायचे आणि खिडकीतून दुसऱ्या कुणाची तरी शिट्टी ऐकायची. तिला ते अगदी स्पष्ट दिसलं.

खालून धापांचा आवाज येत होता. वळणावरून आधी हात आला, कठडा घट्ट धरलेला, आणि मग घामानं निथळणारा लिफ्टवाला.

"लिफ्ट बंद पडली?" तिनं विचारलं.

"लिफ्ट… उत्तम आहे." तो चार पायऱ्या खाली मटकन बसला. "मी चुकलो. तुमच्या आई म्हणाल्या, काहीतरी करा. मला जे येतं ते मी केलं. आमच्या धंद्यात माणसाला जिना चढावा लागला तर आमची हार असते. तुम्ही सांगितलेलं मी ऐकलं होतं. कळलं मात्र आज. शंभराव्या पायरीपाशी कळलं."

"माझा राग गेलेला नाही."

"असू दे की. राग घेऊनच चढू."

तिला हसू आलं, आणि हसू आलं याचाही राग आला. तिनं डोळे पुसले. गुडघा दोन्ही हातांनी चोळला, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसा, सरळ केला, वाकवला, पुन्हा सरळ केला. आत कुठेतरी काहीतरी सुटलं.

"मागे राहायचं," ती उठत म्हणाली. "पडले तर धरायचं. नाही पडले तर तोंड उघडायचं नाही."

त्यानं नुसती मान हलवली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

चांगला पाय वर, मग दुखरा. एकशे चौऱ्याण्णव. एकशे पंचाण्णव. खालून गाईडची हाक घुमत वर आली, दहा मिनिटं राहिली. ती थांबली नाही. दोनशे वीस. दोनशे चाळीसला पाय लटपटला, मागचा श्वास एकदम थांबला, पण ती पडली नाही आणि तो बोलला नाही. दोनशे साठ. ती मोठ्यानं मोजायला लागली, शाळेत मुलांना मोजायला लावायची तशी, आणि बुरुजभर तिचाच आवाज परत येत राहिला. दोनशे पंच्याऐंशी. शहाऐंशी. सत्त्याऐंशी. आणि मग पायरीच उरली नाही, नुसता वारा होता.

वारा असा होता की केस तोंडात जात होते. चहूकडे समुद्र, आणि बंदरात त्यांचं ते चौदा मजली जहाज, अंगठ्याएवढं. खाली बाकापाशी आई उभी होती. बुरुजाकडे पाठ नव्हती तिची. मान पार मागे टाकून, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून ती वर बघत होती. शिट्टीबाईनं दोन्ही हात उंच केले. आईनंही केले, आणि मग आई बाकावर बसून तोंड झाकून रडायला लागली, ते एवढ्या उंचीवरूनही समजलं.

शिट्टीबाईनं खिशातून फोन काढला. बंदर जवळ होतं, रेंज होती. तिनं तिथल्या तिथे मुख्याध्यापिकांना फोन लावला.

"बाई, ग्रंथालयाचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. शाळा उघडली की मी मैदानावर येणार."

"अगं, आणि गुडघा काय म्हणतोय?"

"दुखतोय. दुखू दे."

 मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बरं झालं. मैदानावर गवत फार माजलंय. पहिल्याच दिवशी ये."

तिनं फोन ठेवला. लिफ्टवाला अजून हात पाठीमागे बांधून उभा होता.

"आता बोलू?" त्यानं विचारलं.

"थोडक्यात. गाईड हाका मारमारून थकलाय खाली."

"मला…" तो अडखळला. इतके प्रश्न विचारणारा माणूस, त्याला एक साधं वाक्य जमेना. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. रांगेत टोमणा मारलात ना, तेव्हापासून. आणि हे जहाजावरच्या आठ दिवसांपुरतं नाहीये. परत गेल्यावरही मला तुम्हाला भेटायचंय. रोज, जमलं तर."

ती त्याच्याकडे बघत राहिली. राग शोधून पाहिला. थोडासा होता अजून, पण भांडायला पुरेल इतका नव्हता.

"हात दे," ती म्हणाली.

"हात? पण तुम्हीच तर…"

"चढताना नको होता. उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो." तिनं स्वतःच त्याचा काळा, घामेजलेला हात पाठीमागून ओढून घेतला आणि बोटांत बोटं गुंतवली. "आणि मला आता तू हवा आहेस. मी ठरवलंय."

"ठरवलंय म्हणजे…"

"म्हणजे ठरवलंय. चल."

खालून गाईडची तिसरी हाक आली. दुखरा पाय आधी खाली, मग चांगला, असं करत दोघं सावकाश उतरायला लागले.