तीन नंबरचा पडदा

राजारामपुरीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. तापणारे लॅपटॉप माझ्याकडं रोजच येतात आणि बहुतेकांचं दुखणं एकच असतं. पंख्यात धूळ अडकलेली असते, नाहीतर मालक गादीवर ठेवून काम करत असतो. त्यामुळं उचगावच्या शांभवीनं कंपनीचा लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "राजनंदिनीताई, पंखा नुसता बोंबलतोय बघा. अव्वा म्हणत्यात, घरात गिरणी घातलीस काय?" तेव्हा मी हसले आणि उद्या घेऊन जा म्हणाले.

शांभवी एका फाउंड्रीसाठी कास्टिंगची ड्रॉइंग करते. नवरा बेळगावला नोकरीला. सासू शिवम्मा, म्हणजे अव्वा, अंगणात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून शांभवीनं घरून काम मागून घेतलं होतं. पण मोठा मॉनिटर जोडला की लॅपटॉप तापायचा, आणि साहेबांसमोर दोनदा भर मीटिंगमध्ये बंद पडला होता. पुन्हा असं झालं तर रोज ऑफिसला येऊन बसा, असं साहेबांनी सांगितलं होतं.

"मग अव्वांना कुणाच्या जिवावर सोडू, सांगा की," ती म्हणाली. बोलताना हसत होती, पण चार्जरची वायर बोटाला गुंडाळत होती.

मी लॅपटॉप उघडला. आत धूळ जवळजवळ नव्हतीच. तरी पंखा साफ केला, प्रोसेसर थंड ठेवणारी, वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, दुकानातला मॉनिटर जोडून तिचं सगळ्यात जड ड्रॉइंग दिवसभर फिरवत ठेवलं. मशीन मांजरासारखं गप्प होतं.

ती घेऊन गेली आणि संध्याकाळी फोन आला. "ताई, परत सुरू झालंय. आणि उद्या दुपारी मीटिंग हाय."

दुसऱ्या दिवशी मीच स्कूटर काढली. उसाचे ट्रॅक्टर रस्ताभर गाणी लावून चालले होते. थंडी होती, म्हणजे उन्हाळ्यालाही दोष देता येत नव्हता.

मागच्या खोलीत खिडकीपाशी शांभवीचं टेबल होतं. समोरची भिंत कोरी, नुकताच पिस्ता रंग दिलेली. त्या भिंतीकडं तोंड करून अव्वांची खुर्ची ठेवली होती, कारण पाय लांब करायला तेवढीच जागा होती. अव्वा अंगणात उन्हाला बसल्या होत्या. लॅपटॉप चालू होता, मॉनिटर जोडलेला होता, आणि पंख्याचा आवाज नव्हता.

"आता बघा, तुम्ही आल्यावर शहाण्यासारखं वागतंय," शांभवी म्हणाली. "थांबा, मी अव्वांना आणतो आत."

वॉकर टेकत अव्वा आल्या, खुर्चीत बसल्या. मला बघून त्या तोंडभर हसल्या. "पावणं कोण आलंय? जेवलीस का गं? न्हाय? शांभवी, भाकरी आण हिला, शेंगाचटणी आण."

मी नको म्हणायच्या आत पंखा सुरू झाला. आधी घरघर, मग शिट्टी. लॅपटॉपचा तळ हात लावू देईना.

एका हातात कडक भाकरी घेऊन मी तपासायला बसले. एकही प्रोग्रॅम उघडा नव्हता, तरी ग्राफिक्सची चिप पूर्ण ताकदीनं काहीतरी रंगवत होती. डिस्प्लेची सेटिंग उघडली. एक नंबर म्हणजे लॅपटॉप, दोन नंबर म्हणजे मॉनिटर. आणि उजवीकडं तीन नंबरचा चौकोन.

"तिसरा कुठला जोडलायस?"

"तिसरा? दुसराच कंपनीनं कटकट करून दिलाय."

असं होतं कधीकधी. ज्या डब्यातून सगळ्या वायरी जातात तो डॉक खोटं सांगतो. मी डॉक काढला, मॉनिटर सरळ लॅपटॉपला जोडला. तीन नंबर तिथंच. मग मॉनिटरचीही वायर उपटली. चौकोन दोनच उरले, एक आणि तीन. पडदे चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, काढून नव्यानं टाकला, मशीन बंद करून चालू केलं. तीन नंबर हलला नाही.

सगळं परत जोडलं आणि माऊस उजवीकडं सरकवत नेला. मॉनिटरच्या कडेवरून बाण पलीकडं गेला, दिसेनासा झाला. मी हात काढून घेतला.

थोड्या वेळानं बाण आपणहून परत आला. घाई नाही, धक्का नाही. कुणीतरी सांडलेली वस्तू उचलून द्यावी, तसा मॉनिटरच्या मधोमध येऊन थांबला.

"असं करतंय कधीकधी," शांभवी म्हणाली. "सेल संपला असंल माऊसचा."

माऊस वायरचा होता.

मीटिंग जवळ आली होती. मी सेटिंगमधून तीन नंबरचा डिस्प्ले बंद केला. पंख्याचा आवाज त्याच क्षणी खाली आला. खोली एवढी शांत झाली की दूरच्या ट्रॅक्टरवरचं गाणं ऐकू आलं.

"का बंद केलंस गं?" अव्वा म्हणाल्या. "चांगलं चाललं होतं की."

शांभवी खळखळून हसली. "अव्वा, टीव्ही पलीकडच्या खोलीत हाय!"

मीही हसले. अव्वा मात्र हसल्या नाहीत. खेळणं काढून घेतलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला.

मीटिंग सुरू झाली. शांभवी छान बोलत होती. अर्धी झाली असेल, मागं अव्वा हळू आवाजात काहीतरी कन्नडमध्ये म्हणाल्या. एखाद्याला जवळ बोलवावं तसा सूर होता.

पंखा किंचाळला.

तीन नंबर परत आला होता. तापमान अशा ठिकाणी पोचलं की आता कुठल्याही क्षणी मशीन बंद पडलं असतं. मी स्वयंपाकघरातून दोन डबे आणून पालथे घातले, लॅपटॉप त्यांच्यावर उचलून ठेवला, खालून टेबलफॅन लावला, प्रोसेसरचा वेग निम्म्यावर आणला. शांभवीनं बोलता बोलता माझं मनगट घट्ट धरलं होतं.

तापमान काठावर थांबलं. वर चढलं नाही, खालीही उतरलं नाही.

"उत्तम झालं, मॅडम," साहेबांचा आवाज आला. "घरूनच चालू द्या तुमचं काम."

शांभवी खुर्चीतून उडालीच. अव्वांच्या गळ्यात पडली, मग माझ्या. "ताई, शिऱ्याशिवाय मी सोडत न्हाय तुम्हाला!" म्हणत स्वयंपाकघराकडं पळाली. थोड्याच वेळात रवा भाजल्याचा वास सुटला. मलाही फार हलकं वाटत होतं. काम झालं होतं.

फक्त खात्री करावी म्हणून मी सेटिंगमधलं 'ओळखा' हे बटण दाबलं. ते दाबलं की प्रत्येक पडद्यावर त्याचा त्याचा आकडा उमटतो.

लॅपटॉपवर एक आला. मॉनिटरवर दोन.

मी समोरच्या भिंतीकडं बघितलं. भिंत कोरी होती. पिस्ता रंग, बाकी काही नाही.

मग माझी नजर अव्वांकडं गेली.

त्या भिंतीकडं बघत बसल्या होत्या, खुशीत. त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत पांढराशुभ्र तीन उजळला होता. आरशात दिसावा तसा, उलटा.

काही क्षणांनी आकडे विझले. लॅपटॉपवरचा, मॉनिटरवरचा, काचांतलाही.

काचांतला उजेड मात्र राहिला. त्यात काहीतरी हललं, आणि जवळ येत असल्यासारखं मोठं होत गेलं.

अव्वांनी लगबगीनं पाय आखडून घेतले आणि डोक्यावरचा पदर नीट केला.