मंगलानं न घेतलेलं नाव

पडद्याच्या फटीतून आधी दौत आली, मग शाईनं माखलेला एक अंगठा... आणि मंगला मागं सरकली. परक्या पुरुषाचा हात इतक्या जवळून तिनं कधी पाहिला नव्हता.

"भिऊ नका. मी दिगंबर, मुन्शिपाल्टीतला कारकून. यादी मी वाचायची, बाया तुम्ही ओळखायच्या."

सन सदतीस. नागपूरच्या असेंब्लीची निवडणूक होती आणि बुऱ्हाणपुरात, इतवाऱ्यातल्या शाळेत, बायकांच्या मतांसाठी वेगळी खोली. बापाविना वाढलेली, सातवी शिकलेली मंगला तिथं बसली होती ती देवरामकाकाच्या हुकमानं. काका एका उमेदवाराचा उजवा हात. सकाळीच त्यानं बजावलं होतं, "घुंगट घेऊन कोणी बी येवो, तू हो म्हणायचं. नाही म्हटलंस तर खकनारचा बिजवर तयार आहे. समजलं?"

समजलं होतं.

अडचण वेगळीच निघाली. यादीत 'अमक्याची बायको' असं लिहिलेलं, आणि नवऱ्याचं नाव एकही बाई घेईना! शेवटी मंगलाच विचारू लागली, "लोटू ना व माय, तुझा घरधनी?" की बाई पदराआड मान हलवी.

"साठ नवरे झाले तुमचे सकाळपासून," पडद्यामागून हलकेच आवाज आला.

"तुम्ही मोजताय कशाला?"

"एखादी जागा उरते का, बघतोय..."

मंगलानं ओठ चावून हसू दाबलं. "दिगंबरराव, शाई वाळतेय तुमची."

दुपारी काका दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मागून एक घुंगटवाली आत आली.

"मथुराबाई, कडू पाटलाची बायको," दिगंबरनं वाचलं.

मथुरामामी दिवाळीतच गेली होती. तिच्या दहाव्याला मंगला स्वतः हजर होती.

"घरधन्याचं नाव?" तिनं कसंबसं विचारलं.

"कडू," बाई ठणठणीत बोलली.

रांगेत मागं उभ्या मालूबाईनं तोंडाला पदर लावला, "माय व! सरळ नावच घेतलं!"

काकाची नजर मंगलाच्या मानेवर सुरीसारखी टेकली. पडद्याला लागून दिगंबर कुजबुजला, "दारात कोण उभं आहे, दिसतंय मला. तुम्ही हो म्हटलंत तर मी यादीवर सही करीन. उघडकीला आलं तर नोकरी माझी जाईल... तुम्हाला झळ नाही लागू देणार."

तो सही करणार होता. तिच्यासाठी. मंगलाला रडू यायला लागलं, अन् त्या रडण्याचाच राग आला.

"नाही," ती म्हणाली. आवाज कापरा होता, पण होता. "ही मथुरामामी नाही. मामी दिवाळीत गेली. आणि मरेपर्यंत तिनं नवऱ्याचं नाव ओठावर आणलं नाही!"

घुंगटवाली पळालीच. काका एवढंच बोलला, "घरी चल तू. मग बघतो." आणि जाऊन शाळेच्या फाटकाशी उभा राहिला.

खंडव्याहून आलेले निवडणुकीचे साहेब चौकशीला आले. "लिहून घ्यावं लागेल, बाई. पडद्यामागं कारकून कोण होता? नाव सांगा."

मंगलानं तोंड उघडलं. साठ जणींच्या नवऱ्यांची नावं खडाखडा घेणारी तिची जीभ टाळ्याला चिकटली. "ते... ते आहेत ना... पडद्यामागचे..."

"नाव?"

ती कानापर्यंत लाल झाली. मालूबाई खुदकन हसली, "राहू द्या साहेब, दुसऱ्या कोणाला पुसा. ही पोरगी आजपासून ते नाव नाही घ्यायची!"

साहेब गोंधळून गेले. पडदा हलला. शाईचा अंगठा काठाशी येऊन थांबला.

"मंगलाबाई... काका फाटकाशी आहेत. मी येऊ बरोबर? काय बोलायचं ते त्यांच्याशी मीच बोलेन."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पाय बघा माझे."

पडद्याखाली त्याच्या वहाणा खरंच थरथरत होत्या. मंगलानं पदर खोचला आणि दिवसभरात पहिल्यांदा पडदा स्वतःच्या हातानं बाजूला केला.

"अहो," ती म्हणाली, "चला."