थुमामाला नको

हॉल बघायला गेले की मी आधी टाळी वाजवते. हॉल घुमतो की नाही, ते तेवढ्यात कळतं. फुलं, खुर्च्या, स्टेज सगळं नंतर. इथे कतारला, दोहात, लोकांचे इतके समारंभ लावून दिले, या सवयीने मला कधी दगा दिला नाही. पण हल्ली टाळीसाठी हात उचलताना जड होतात. बसा, सांगते.

पॅट्रिक अंकल आमच्या वसईचेच. इथे एसीच्या डक्टची, म्हणजे छतातून हवा नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यांची, कामं घेऊन बक्कळ कमावलेले. त्यांच्या एकुलत्या ॲलिसनचा साखरपुडा होता आणि हॉल शोधायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "सिमोना, पर्लला बघ, ओल्ड एअरपोर्टला बघ. थुमामाला नको." शहराच्या त्याच भागाचं काय वाकडं, विचारलं तर विषय बदलला. मला वाटलं, पैसेवाल्यांचे नखरे.

पर्लच्या हॉलला ॲलिसनने नाक मुरडलं. ओल्ड एअरपोर्टचा तिला कोंदट वाटला. मग एका दुपारी तिनेच आम्हा दोघांना गाडीत बसवलं आणि कुठे चाललोय ते सांगेना. अल थुमामाची पाटी दिसली तसे अंकल सावरून बसले.

"बाय, गाडी वळव."

"डॅडी, जस्ट वन लुक," ती हसत म्हणाली. लेकीपुढे त्यांचं कधी काही चाललंच नव्हतं.

हॉल देखणा होता. बाहेर ऑगस्टचं ऊन भाजत होतं आणि आत छान गारवा. वर पांढरंशुभ्र छत. मॅनेजर शहजादने दिवे लावले. मी मधोमध उभी राहून टाळी वाजवली.

आवाज घुमला नाही. मग छताच्या आतून कोणीतरी पत्र्यावर ठोकलं. ठक्... ठक्...

"डक्ट है, मॅडम," शहजाद म्हणाला. "गरम होता है तो बजता है."

अंकल मटकन खुर्चीत बसले. ॲलिसनचं लक्षच नव्हतं. "धिस इज द वन," म्हणत ती शहजादबरोबर नवरीची खोली बघायला गेलीसुद्धा.

त्या गारव्यात अंकलचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. तापलेल्या पत्र्याचा वास सुटला होता, आणि त्यात मळलेल्या तंबाखूचा.

"महिपती..." ते पुटपुटले.

"कोण महिपती?"

"माझा फिटर. साताऱ्याकडचा, सतत तंबाखू मळणारा. हा डक्ट आम्हीच टाकला. हँडओव्हरच्या दिवशी तो आत सांधे भरत होता... क्लायंटची माणसं लवकर आली. छताची झडप उघडी दिसायला नको म्हणून मी स्क्रू मारायला लावले. म्हटलं, पाहुणे गेले की काढू..."

वर पुन्हा ठोकलं गेलं. सावकाश.

"तो असाच ठोकत होता, सिमोना. क्लायंटने विचारलं, आवाज कसला. मी म्हटलं, डक्ट आहे, तापला की वाजतो... मग सगळे जेवायला गेलो. परत येऊन झडप उघडली, तर आत तो मेलेला."

"आणि त्याच्या घरी?"

"त्याच्या बायकोला, सत्यभामेला, मीच फोन केला. हार्ट ॲटॅक म्हटलं."

मला दया नाही आली, संताप आला. "ॲलिसनला सांगा. आत्ता, इथेच."

"ती माझं तोंड बघणार नाही."

"न बघू दे."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्याच क्षणी वरचं ठोकणं थांबलं. मी ॲलिसनला आणायला निघाले. दाराशी पोहोचते तोच मागे खुर्ची सरकली. वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी होती. हॉलला दार एकच होतं, आणि त्यात मी उभी होते.

माझ्या हाकेने धावत आलेल्या ॲलिसनने त्यांना फोन लावला. रिंग छतात वाजली. पाठोपाठ ठोकणं सुरू झालं, पण आता दोन्ही मुठींनी, जिवाच्या आकांताने.

"डक्ट..." शहजाद म्हणायला गेला आणि वर बघत दोन पावलं मागे सरला.

शिडी आणवली. झडपेचे स्क्रू जुन्या रंगाखाली बुजले होते, रंगाला साधी चीरही नव्हती. ते काढून शहजादने आत टॉर्च मारला. आत धूळ होती आणि धुळीवर बोटाचाही ठसा नव्हता. ॲलिसनने पुन्हा फोन लावला. या वेळी तो आणखी आत कुठेतरी वाजला. पुढे पोलिसांनी सगळं छत उतरवलं. काही मिळालं नाही.

ॲलिसनला मीच सारं सांगितलं. ती रडली नाही. तिने फक्त सत्यभामेचा नंबर शोधून द्यायला सांगितलं.

काल पर्लला एक नवा हॉल बघायला गेले होते. टाळी वाजवली. वरून दोघांनी उत्तर दिलं. एक ठोका सावकाश, घाई नसलेला. दुसऱ्याला मात्र भयंकर घाई होती.

"ये कैसी आवाज है?" तिथल्या मॅनेजरने विचारलं.

"डक्ट है," मी म्हणाले. "गरम होता है तो बजता है."

मग आम्ही जेवायला गेलो.