बिनमिरचीचं पिठलं

"तोंड उघडा," म्हणत नांदूरघाटच्या तपासणी शिबिरात वैष्णवीने विजेरी पेटवली. समोरच्या तरुणाने इतक्या आज्ञाधारकपणे आ वासला, की तिला हसू आवरावे लागले. दात स्वच्छ, गाल निरोगी, डोळे मात्र… डोळे तपासणे तिच्या कामात बसत नव्हते.

"गाव?"

त्याने नांदूरघाटपलीकडच्या एका वस्तीचे नाव सांगितले. विजेरी विझली.

"तुमची वस्ती तपासणीत नाही. मग बसलात कशाला?"

"मी तर पाण्याची मोटार दुरुस्तीला टाकायला आलतो. तुमी म्हणलात उघडा — उघडलं!"

तो भागवत.

मुखकर्करोगाच्या त्या मोठ्या चाचणीत निम्म्या गावांची तोंडे तपासायची, निम्म्यांची केवळ माहिती नोंदवायची आणि पुढे दोहोंतले मृत्यू ताडून पाहायचे, असे ठरले होते. निवड सोडतीने झाली होती. वैष्णवी दंतवैद्य, पुराव्यावाचून काही न मानणारी. सोडत तिला न्याय्य वाटे. भागवतची वस्ती 'केवळ माहिती'त होती, आणि तिथली माणसे परक्या मुलीला नाव द्यायला राजी नव्हती. म्हणून भागवत तिच्यापुढे दारोदार चालू लागला.

"नाव द्या मावशी, बाई चावत न्हाई."

"हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"आजून तरी चावली न्हाई…"

वस्ती राजी झाली. कामाला लागतात त्याहून तिच्या फेऱ्या वाढल्या. या वाढीचे कारण तिने मुद्दाम तपासले नाही.

एका दुपारी भागवतच्या आईने, वत्सलाबाईंनी, तिला भाकरी-पिठलं वाढले. पिठल्यात मिरचीचा तुकडाही नव्हता.

"माझ्यासाठी मिरची वगळलीत?" तिने सुखावून विचारले.

"तुमच्यासाठी कावून?" भागवत हसला. "आईला तिखट सोसत न्हाई. पोळ्याच्या सणापासून आमी समदे असंच खातो."

वैष्णवीचा घास हातातच राहिला; तिखट न सोसणे हे तोंडाच्या रोगाचे पहिले लक्षण. याच ओसरीवर तिने वत्सलाबाईंना विचारले होते, तंबाखूची मिसरी लावता का? 'हो' लिहून ती उठली होती.

"तोंड कुणाला दाखवलंत?"

"आता कुणाला दाखवायचं? तुमी येताय की! काई आसतं तर बोलला असता," वत्सलाबाई म्हणाल्या.

"वस्तीत सगळेच असं समजतात?"

"मीच सांगितलंय घरोघर," भागवत म्हणाला. "नाव दिलं की डॉक्टरबाईचं ध्यान राहतंय म्हणून."

तिने भाकरी ताटात ठेवली. मग तिने खरे ते सांगितले: या वस्तीत केवळ नोंद होते, तोंड कुणाचेच तपासले जाणार नाही. भागवतचा चेहरा उतरला.

"म्हंजे… आमची पाळी पुढं येणार न्हाई? तुमी नुसतं लिहून घेत होता?"

या वाक्यात खोडण्याजोगा एकही शब्द नव्हता. तिने विजेरी काढली. नियम इथे मोडत होता.

"आई, तोंड उघडा."

गालाच्या आत पांढरा चट्टा, कडा लाल.

"चट्ट्याचा तुकडा काढून तपासल्याखेरीज काही सांगता येणार नाही. पण उद्याच अंबाजोगाईच्या रुग्णालयात जायचं."

तिथेच बसून तिने चाचणीच्या प्रमुखांना फोन लावला. "सर, मी इथे एक तोंड तपासलं. आणि इथे तपासणी होत नाही, हे आता घरोघर सांगणार आहे. लोकांनी नावं काढून घेतली तरी चालेल. हे घर तर आजच वगळा. कर्मचाऱ्यांचे नातेवाईक चाचणीत चालत नाहीत."

"तिथं तुमचं कोण नातेवाईक?"

तिने भागवतकडे पाहिले. तो खाली बघत होता.

"होणारे," ती म्हणाली.

भागवतने न सांगताच आ वासला.

"आगं, ह्याला इचारलंस का?" वत्सलाबाई थक्क होऊन म्हणाल्या.

"नाही… पुरावा अपुरा आहे."

भागवत उठला. मग घसा खाकरून म्हणाला, "उद्या जीप मी आणतो. आन् वस्तीत खरं सांगायला जाताना — आता मी पुढं चालणार न्हाई."

तिने विजेरी पिशवीत टाकली.

"तुमच्या बरुबर चालीन," तो म्हणाला. "खोटं मीबी सांगितलंय."